गायीचं पथ्य

त्या गायीला मी चार वेळा भरवलं आणि चारही वेळा ती उलटली.

हे वाक्य शहरातल्या माणसाला सांगितलं की तो समजूतदारपणे मान हलवतो. म्हणजे त्याला काही कळलेलं नसतं. म्हणून फोड करून सांगतो. गाय माजावर आली की मला बोलावणं यायचं. मी नायट्रोजनच्या कॅनमधून वीर्याची कांडी काढून तिच्या गर्भाशयात सोडायचो, त्याला भरवणं म्हणतात. गर्भ राहिला नाही तर एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते, ते उलटणं. एकदा उलटली तर नशीब वाईट, दोनदा उलटली तर गाय वाईट, आणि त्यानंतरही उलटली तर डॉक्टर वाईट, असा आमच्या भागातला साधा न्याय होता.

खरं तर मी डॉक्टरही नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो, पण एवढं लांब नाव घ्यायला कोणाला सवड आहे? लोक डाक्तर म्हणत आणि मी म्हणू देई. वय सत्तावीस, रोह्यात भाड्याच्या दोन खोल्या, खांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खोलीचा दवाखाना आणि एक लुना. आत्मविश्वास एवढा की गाय भरवून हातमोजा काढता काढता मी मालकाला सांगायचो, “या वेळी नक्की.” त्या गायीच्या बाबतीत हे मी चार वेळा सांगितलं होतं.

गायीची मालकीण पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळा गाव तिला काकी म्हणायचा, मीही म्हणायचो. घर मुलाच्या नावावर होतं, शेत दिरांबरोबर सामाईक. “गाय तेवढी माझी हाय,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. काकीचं माहेर पेणच्या खाडीकडचं. भाऊ मिठागरात कामाला. तिथे उन्हाळ्यात माणसांनाच गोड्या पाण्याची मारामार, तर जनावराला कुठून आणणार? म्हणून त्यांनी दोन महिन्यांची जर्सी वासरी बहिणीकडे पाठवून दिली. आमच्याकडे कुठलीही संकरित गाय म्हणजे जर्सीच, तिचं कूळ कोणी विचारत नाही. काकीने तिला पेजेवर वाढवलं आणि ती मोठी होऊन दुधाला लागल्यावर चार घरचा रतीब सुरू केला. माहेराहून आली म्हणून ती गायीला ‘माझी माहेरवाशीण’ म्हणायची. लोक हसायचे. मीही हसायचो.

चौथ्यांदा गाय उलटली तेव्हा मुलाने विषय काढला. तो धाटावला एका कंपनीत शिफ्ट करायचा. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. “दूध आटत चाललंय, पोटात काय नाय, आनि पावसाळाभर हिला भाताण कुठून घालू?” तो मला म्हणाला, पण ऐकवायचं होतं आईला. “मिरगाच्या आधी व्यापारी येतो. तवर राहिली तर राहिली, नायतर देऊन टाकायची.”

भाकड गाय व्यापाऱ्याने नेली की पुढे ती कुठे जाते, हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. काकीने सुपातले तांदूळ एकदा जोरात पाखडले आणि ती घरात निघून गेली.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. राग आधी कांड्यांवर काढला. कांड्या आणि नायट्रोजन पेणहून यायचे. या खेपेचा मालच फुसका असणार असं मी ठरवून टाकलं, एस.टी. पकडली आणि नागोठण्याला उभ्या उभ्या चहा पिऊन भांडायच्या तयारीने पेणला पोचलो. तिथे आमचे मोठे डॉक्टर होते. निवृत्तीला आलेले, चष्म्याला दोरी, बोलणं मोजकं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“याच खेपेच्या कांड्यांनी बाकीच्या गायी राहिल्या का?” त्यांनी विचारलं.

“राहिल्या.”

“मग गाय दाखव.”

दोन दिवसांनी ते आले. शिमग्याला आठवडा असेल. त्याच आठवड्यात माझ्या घरी बायकोच्या ओटभरणाची गडबड चालली होती. तिला सातवा लागला होता, आई गावाहून आली होती, आणि मला हिरव्या बांगड्या आणि पेढे आणायचं काम होतं. ते सोडून मी डॉक्टरांना लुनावर मागे बसवून काकीच्या गोठ्यात नेलं आणि सवयीप्रमाणे हातमोजा घालून गायीच्या मागे उभा राहिलो.

डॉक्टर पुढे गेले. त्यांनी गव्हाणीत हात घातला आणि भाताणाची, म्हणजे भाताच्या सुक्या पेंढ्याची, मूठ उचलून बघितली. गायीच्या फासळ्यांवरून बोटं फिरवली. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, तिथे तळहात ठेवला. गर्भाशय त्यांनी सगळ्यात शेवटी तपासलं आणि म्हणाले, “इथे काही बिघडलेलं नाही.” मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि काकीला विचारलं, “व्यायच्या आधी हिला काय घालत होतात?”

काकीला असं विचारणारा पहिल्यांदाच भेटला असावा. ती उत्साहाने सांगायला लागली. गाभणपणाचे शेवटचे तीन महिने तिने काही कमी पडू दिलं नव्हतं. रोज घमेलंभर तांदळाची घट्ट पेज, कोंडा, पेंड, गूळ, ओल्या नारळाचा चोथा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण सुद्धा केलं होतं. शिंगांना हिरव्या बांगड्या बांधल्या, आळीतल्या बायका बोलावल्या. “अशी भरली व्हती, डाक्तर. पाठीवर पाणी टाकलं तर निथळायचं नाय.”

“आणि व्यायल्यावर?”

“व्यायल्यावर पथ्य,” काकी म्हणाली. म्हणजे काय ते डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांच्या शिक्षणात कमतरता आहे, असा तिचा आवाज होता. “सव्वा महिना. पातळ पेज, शेपा, सुंठ, कोमट पानी नि सुकं भाताण. हिरवं बंद. हिरव्यानं वात होतो. पेंड बंद, ती जड. वाऱ्याला बाहेर काडली नाय. लेकीचं केलं तसं हिचं केलं.”

गाय गौरी गेल्यावर व्यायली होती. भादव्यात आमच्याकडे बांधावर गवत कमरेएवढं असतं. ते गवत बाहेर सळसळत होतं आणि ही गोठ्यात सुकं भाताण चघळत होती. दूध मात्र दोन्ही वेळेला पिळून काढलं जात होतं, कारण चार घरांचा रतीब थांबत नाही.

“त्या सव्वा महिन्यात तोंडाला वास यायचा? गोडसर?” डॉक्टरांनी विचारलं.

“यायचा की. पिकल्या केळ्यासारका. दुधाला पन यायचा.”

“कोणाला सांगितलं नाहीत?”

काकीने माझ्याकडे बघितलं. भादव्यातच एकदा शेजारच्यांच्या बैलाचा पाय बघायला मी त्या आळीत गेलो होतो, तेव्हा तिने मला हाक मारून नेमकं हेच सांगितलं होतं, “डाक्तर, गायीच्या तोंडाला गोड वास येतो.” मी लुनाला पेडल मारत म्हणालो होतो, “काकी, तुमच्या लाडाने गाय गोड झाली.” चार माणसं हसली होती. मला माझा विनोद फार आवडला होता.

“नाय,” काकी म्हणाली. “कोनाला नाय सांगितलं.”

डॉक्टरांनी मग तिला समजावून सांगितलं, आणि मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहून ऐकलं. व्यायल्यावर गायीचं दूध एकदम वाढतं, पण भूक तेवढ्या वेगाने वाढत नाही. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. जी आधीच फार लठ्ठ झालेली असते तिची भूक आणखी मंद, आणि चरबी मात्र भराभरा वितळते. त्यात खायला मिळालं नाही तर ती चरबी यकृताला पचवता येत नाही, अर्धवट जळते, आणि तिचाच तो गोड वास. “कणगीत दाणा नसला की घर पाहुणा बोलावत नाही,” ते म्हणाले. “गायीचं अंग तसंच. दूध देईल, कारण वासरू समोर उभं आहे. पण नवीन गर्भ धरणार नाही. तिचा पहिला माजच तीन महिन्यांनी आला, तोही त्यामुळेच. आणि ज्या बीजातून पुढे गर्भ राहायचा, ते त्या उपासाच्या दिवसांतच आत वाढत असतं. ते कच्चंच निघतं. मग कोणीही कितीही कांड्या घातल्या तरी काय उपयोग?”

“पन सव्वा महिना होऊन आता किती दिस झाले,” काकी म्हणाली.

“झाले. पण त्यानंतर तिला काय मिळालं? भाताण आणि ओंजळभर कोंडा. गेलेलं अंग भरलंच नाही.”

काकीने गायीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “मी काय वैरीण हाय तिची? लेकीवानी केलं.”

“तेच चुकलं, बाई,” डॉक्टर मऊपणे म्हणाले. “लेकीला एक मूल पाजायचं असतं. ही चार घरं पाजते.”

परत जाताना मी लुना थांबवली आणि डॉक्टरांना वासाची गोष्ट सांगून टाकली. ते म्हणाले, “कळलं होतं मला. तुझे कान लाल झाले होते.” एवढंच. एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय ऐकायला सोपा होता. दोन माज सोडून द्यायचे, गाय भरवायची नाही. तेवढ्या दिवसांत रोज थोडं थोडं वाढवत पेंड, क्षारांची पूड, वालाचं भूस आणि मिळेल तेवढं हिरवं. पण दोन माज सोडायचे म्हणजे सव्वा-दीड महिना जाणार, आणि मिरगाच्या आधी हातात एकच संधी उरणार. चार वेळा चुकलेल्या माणसाला पाचवी आणि शेवटची संधी. हे मी काकीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “घालूया तिला खायला. गेली तरी उपाशी नको जायला.”

आमच्याकडे भातानंतर वाल करतात, त्यामुळे भुसाची ददात नव्हती. ते गुरांना घालायचं की जाळायचं एवढाच प्रश्न असायचा. काकीने आळीतल्या तीन घरांचं वालाचं भूस उचलून आणलं. हिरवं मात्र फक्त कालव्याच्या कडेला होतं. तिथून भारा डोक्यावर आणताना मी तिला दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा भारा सायकलच्या कॅरिअरवर होता आणि सायकल मुलगा ढकलत होता, पहिली शिफ्ट करून आलेला. मी लुना हळू केली. तोच म्हणाला, “आई पडली कालव्यात तर? म्हनून.” 

मीही पंधरवड्यातून एकदा जाऊ लागलो. आधी गायीच्या पुढे जायचो. गव्हाण बघायची, तोंडाचा वास घ्यायचा, फासळ्या चाचपायच्या. शेपटीच्या बुडाचे खड्डे हळूहळू उथळ झाले. अंगावरचे राठ केस झडून नवे आले. आटत चाललेलं दूध थोडंसं वाढलं, ते काकीने कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. चैत्रात तिसरा माज आला. असा ठणठणीत की गायीने दावं तोडलं. मी भरवली. हातमोजा काढताना ‘या वेळी नक्की’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

एकवीस दिवस गेले. गाय उलटली नाही. आणखी एकवीस दिवस गेले. उलटली नाही. मधल्या काळात माझ्या घरी मुलगी झाली. पहिला मुलगा बायकोच्या माहेरी झाला होता. हे बाळंतपण मात्र रोह्याला, माझ्या आईच्या हाताखाली. बाळ-बाळंतीण ठीक आहेत एवढं मला कळलं होतं, आणि पुरुषाने आणखी काय कळून घ्यायचं असतं, अशी माझी तेव्हाची समजूत होती. मी आपला पुन्हा गायीचे दिवस मोजत होतो.

व्यापारी येणार त्या सकाळी भरवणीला शेहेचाळीस दिवस झाले होते. गाय दोनदा उलटली नाही म्हणजे गाभण, असं छातीठोक म्हणता येत नाही. काही गायी मुकाट्याने माजावर येतात आणि जातात. हात घालून बघायचं तर दोन-अडीच महिने व्हायला लागतात, निदान माझ्या हाताला लागायचे. पेणच्या डॉक्टरांना चाळीस दिवसांत कळायचं, पण ते रजेवर होते.

अंगणात काकीचा मुलगा उभा होता. रस्त्याच्या कडेला व्यापाऱ्याचा टेम्पो लागलेला, मागे आधीच दोन जनावरं. काकी गायीच्या तोंडाशी उभी होती, वेसण हातात धरून. मी हात घातला. गर्भाशयाची दोन शिंगं असतात. त्यातलं उजवं मला किंचित फुगीर लागलं, पाण्याने भरल्यासारखं. की मला तसं लागावं असं वाटत होतं म्हणून लागलं? मी पुन्हा चाचपलं. “नक्की” म्हटलं असतं तर गाय वाचली असती, निदान महिनाभर. पण तो शब्द मी चार वेळा वापरून खोटा करून ठेवला होता.

“बहुतेक आहे,” मी म्हणालो.

“बहुतेक म्हंजे?” मुलाने विचारलं.

“म्हणजे मला वाटतं आहे. महिन्याने खात्रीने सांगेन. आणि दादा, एक सांगायचं राहिलंय. त्या वासाचं तुमच्या आईने मला भादव्यातच सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तेव्हाच लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती. गायीचा दोष नाही, आईचाही नाही.”

मुलाने टेम्पोकडे बघितलं. बोलली ती काकी. “चार डाव नक्की म्हनाले नि उलटली. आज बहुतेक म्हनतायत. म्हंजे राहिली,” ती मुलाला म्हणाली. “टेम्पो पाठव परत.”

त्याने पाठवला. जाताना व्यापारी माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला, ते मी इथे लिहीत नाही. गाय गाभण होती, माघात तिला कालवड झाली, पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी काकीने गायीची वेसण सोडली, पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन किटली भरून दूध घेऊन आली.

“घरी बाळंतीण हाय ना तुमच्या? तिला न्या.”

मी किटली घेतली.

“काय खाते ती?” काकीने विचारलं.

पंचक्रोशीतली कुठली गाय काय खाते ते मला पाठ होतं. कोणाच्या गव्हाणीत वालाचं भूस असतं आणि कोणाच्या नुसतं भाताण, हे मी झोपेत सांगितलं असतं. माझी बायको काय खाते ते मला माहीत नव्हतं.

“आई बघते,” मी म्हणालो.

काकी हसली नाही. “मीच बघत व्हते हिचं,” ती गायीकडे बघून म्हणाली. “जा घरी.”

घरी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. आई पुढच्या दारात भिजवलेले वाल सोलत बसली होती. आतल्या खोलीत बायको मुलीला पाजत होती. मुलगी ओढून ओढून रडायची आणि पुन्हा ओढायची. दूध पुरत नाही, वरचं चालू करायला हवं, असं आदल्याच दिवशी आई म्हणाली होती, आणि मी पेपर वाचता वाचता हो म्हटलं होतं. बायकोच्या हातातल्या ओटभरणाच्या हिरव्या बांगड्या घसरून कोपराशी गेल्या होत्या. शिमग्याच्या आधी मीच त्या आणल्या होत्या, तेव्हा मनगटावरून चढता चढत नव्हत्या.

“काय जेवलीस?” मी विचारलं.

तिला वाटलं मी काही चुकलंय का ते तपासतोय. “पेज,” ती म्हणाली.

“काल?”

“पेज. नि लसणीची चटणी.”

“परवा?”

तिने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, किटली मांडीवर धरून. गायीजवळ बसतो तसा पहिल्यांदाच बसलो असेन.

“भूक लागते का गो?”

तिने मान वर केली. खोली अंधारी होती, तरी तिचे डोळे भरलेले मला दिसले.

“पहिल्या दिवसापासून,” ती म्हणाली.

मी उठलो, स्टोव्ह पेटवला आणि काकीचं दूध तापत ठेवलं. मग डब्यातून नाचणीचं पीठ काढलं आणि आईच्या पुढ्यातली वालाची टोपली उचलली. आईने हातातला वाल परत टोपलीत टाकला. तिला लगेच सगळं कळलं.

“मी काय वैरीण हाय तिची?” ती म्हणाली.

तिची स्वतःची चार बाळंतपणं याच पेजेवर झाली होती. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.